अट जुळली नाही तर

सासूबाई गेल्या आणि महिनाभरात मला जुन्या साहेबांचा फोन आला. त्यांच्या हाताखाली मी लग्नाच्या आधीपासून काम केलं होतं. परदेशातल्या एका विमा कंपनीचे मेनफ्रेमवरचे प्रोग्राम सांभाळायचे, असं ते काम. मेनफ्रेम म्हणजे बँका आणि विमा कंपन्या वापरतात ते मोठं मशीन. त्यांतले बरेचसे प्रोग्राम असेंब्लरमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिलेले. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी ती नोकरी सोडली. त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागायचं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. त्या काळात कॉम्प्युटरशी माझा संबंध मुलीच्या लॅपटॉपवर विजेचं बिल भरण्यापुरता उरला होता.

"असेंब्लर येणारी माणसं मिळत नाहीत," साहेब म्हणाले. "घरून करा. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट देतो. जमलं तर पुढे वाढवू."

"साहेब, मी सगळं विसरलेय."

"त्यात विसरण्यासारखं आहे काय? उचला, ठेवा, तुलना करा, उडी मारा. बाकी तपशील."

वसईकडच्या बोळिंजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंची खोली मोकळी झाली होती. भाड्याने आणलेला हॉस्पिटलचा पलंग परत गेला होता आणि भिंतीवर त्याच्या डोक्याकडच्या दांडीचा काळा ओरखडा तेवढा राहिला होता. तिथेच टेबल टाकलं. सकाळचा डबा करून नवऱ्याला सातिवलीला कामावर धाडायचं (तो तिथे प्लास्टिकच्या एका युनिटमध्ये सुपरवायझर आहे) आणि मग दार लोटून बसायचं. पहिले काही दिवस खोलीत बसलं की कान उगाचच कण्हण्याच्या आवाजाकडे लागायचे. नंतर ते थांबलं.

साहेब म्हणाले ते निम्मं खरं होतं. जुने प्रोग्राम उघडले तेव्हा बोटं आपोआप चालायला लागली. पण मधल्या काळात मशीन बदललं होतं. माझ्या वेळी नसलेल्या कितीतरी इन्स्ट्रक्शन आल्या होत्या. टीममधली पोरं त्या सहज वापरत होती आणि मला त्या ओळी वाचताना अडखळायला होत होतं. म्हणून मी मशीनचं जाडजूड मॅन्युअल डाउनलोड करून घेतलं आणि कॉलेजच्या मुलीसारखी पहिल्यापासून वाचायला लागले. नोकरीत असताना ते कधी असं वाचलं नव्हतं. तेव्हा गरज पडली की हवं ते पान काढायचं आणि पुढे जायचं.

त्यातच मला या अटीच्या इन्स्ट्रक्शन भेटल्या. त्या काय करतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच झालं.

मशीनकडे आकडे ठेवायला दोन जागा. एक मेमरी, ती मोठी. दुसरी रजिस्टरं, म्हणजे मशीनच्या हातातल्या मोजक्या वाट्या. हिशेब तिथेच होतो. मेमरीतून आकडा रजिस्टरमध्ये आणणं म्हणजे लोड, रजिस्टरमधून परत मेमरीत टाकणं म्हणजे स्टोअर. आता समजा, ग्राहकाचा हप्ता काढला आणि तो कंपनीच्या किमान हप्त्यापेक्षा कमी आला, तर किमान हप्ताच लावायचा आहे. आमच्या वेळी हे असं लिहायचो: दोन्हींची तुलना कर, हप्ता पुरेसा असेल तर पुढची ओळ ओलांडून उडी मार, नसेल तर ती ओळ किमान हप्ता लोड करेल. नव्या पद्धतीत उडीच नाही. तुलना कर, आणि "कमी असेल तर लोड कर" एवढी एकच ओळ. अट जुळली तर लोड होतं, नाही जुळली तर रजिस्टरमध्ये आहे ते तसंच राहतं. स्टोअरचंही तसंच.

यात फक्त एक ओळ कमी होते असं नाही. प्रोसेसर पुढच्या ओळी आधीच वाचून तयारी करून ठेवत असतो. मध्ये उडी आली की ती घेतली जाईल की नाही याचा त्याला अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकला की केलेली तयारी टाकून पुन्हा सुरुवात. उडीच नसेल तर अंदाजही नको. कोट्यवधी पॉलिसींवर रोज चालणाऱ्या प्रोग्रामला याचा फरक पडतो.

मला हे फार आवडलं. संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला उत्साहाने सांगायला गेले की आज मी एलओसी शिकले. लोड ऑन कंडिशनचं ते छोटं नाव. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"एलओसी? ती काश्मीरमधली ना?"

"नाही रे. मशीनमधली."

"तिथेही भांडणं असतील तर सांग," म्हणाला, आणि टीव्ही लावला.

भांडण झालं, पण ते लोडवरून नाही, स्टोअरवरून.

आमच्या टीममध्ये तिशीतला एक मुलगा होता. मुलगा म्हणायचं ते माझ्या वयावरून; तो टीमचा सगळ्यात तयार माणूस होता. असेंब्लर त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कामावर पडलं म्हणून शिकला आणि मग त्याला त्याचं वेडच लागलं. मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ओळखत होते. तो वसईचाच, राजोडीकडच्या एका गावातला, म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. क्लायंटची, म्हणजे त्या विमा कंपनीची, रोजची मोठी रन, म्हणजे सगळ्या पॉलिसींचा एकदम होणारा हिशेब, जास्त वेळ घ्यायला लागली होती आणि ती कमी करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्याने सगळ्या प्रोग्राममधून उड्या शोधून काढल्या आणि जिथे जमेल तिथे अटीच्या लोड-स्टोअर बसवल्या. ते तपासून मंजुरी द्यायचं काम साहेबांनी मला दिलं.

काम देखणं होतं. मी ओळ न् ओळ वाचत गेले आणि मनातल्या मनात दाद देत गेले. मग एका जागी थांबले.

काही पॉलिसींना जोड संरक्षण असतं, अपघाताचं वगैरे. त्याची वेगळी नोंद मेमरीत असते आणि तिचा पत्ता मुख्य नोंदीत लिहिलेला असतो. जोड संरक्षण नसेल तर पत्त्याच्या जागी शून्य. जुना प्रोग्राम पाहायचा: पत्ता शून्य असेल तर उडी मारून पुढे जा, नसेल तर त्या पत्त्यावर रक्कम स्टोअर कर. मुलाने उडी काढून लिहिलं होतं: पत्ता शून्य नसेल तरच स्टोअर कर. वाचायला दोन्ही एकच.

पण मी नुकतंच ते मॅन्युअल सगळंच्या सगळं वाचलं होतं. त्यात या इन्स्ट्रक्शनखाली एक टीप आहे. अट जुळली नाही तर मशीन काही साठवणार नाही हे नक्की. पण साठवायचं नसतानाही ते त्या पत्त्यावर जाऊन परवानगी आहे की नाही ते पाहील का, आणि नसेल तर प्रोग्राम पाडेल का, हे मशीनच्या मॉडेलवर अवलंबून आहे. शून्य पत्त्याची जागा सिस्टिमची, तिथे आपल्याला लिहायला बंदी. म्हणजे जोड संरक्षण नसलेली साधी पॉलिसी आली की एखाद्या मॉडेलवर पूर्ण रन आडवी होऊ शकते. उडी असताना हा प्रश्नच नव्हता. ती ओळ चालायचीच नाही.

मी त्याला फोन केला.

"मॅडम, टेस्टिंग क्लीन आहे," तो म्हणाला. "शून्य पत्त्याच्या केसेस मी मुद्दाम टाकल्या होत्या. एकही पडली नाही."

"आपल्या मशीनवर."

"मग अजून कुठल्या मशीनवर चालणार आहे?"

क्लायंटचं आणखी एक मशीन दुसऱ्या शहरात होतं. मुख्य मशीन बंद पडलं तर काम तिकडे हलवायचं, म्हणून ठेवलेलं. ते वेगळ्या मॉडेलचं होतं आणि आम्हाला तिथे शिरायची सोय नव्हती. मी त्याला ते सांगितलं, टीप वाचून दाखवली.

"मॅडम, मॅन्युअल लिहिणारे स्वतःच्या बचावासाठी असं लिहून ठेवतात. 'मॉडेलवर अवलंबून' म्हणजे त्यांनाही माहीत नाही."

"त्यांना माहीत नसेल तर आपल्याला तरी कुठून असणार?"

मग तो सावकाश म्हणाला, "महिनाभर यावर बसलोय मी. तुम्ही मंजुरी देणार नाही का?"

"ही एक जागा बदल. बाकी सगळं मंजूर आहे."

"ती जागा प्रत्येक पॉलिसीला लागते. तिथेच तर वेळ वाचतोय."

विषय साहेबांकडे गेला. साहेबांनी दोघांना कॉलवर घेतलं, दोघांचं ऐकलं आणि मला म्हणाले, "तुमचा आक्षेप लिहून ठेवा. पण त्यापायी थांबायला नको. क्लायंट मागे लागलाय."

"आक्षेप लिहिते साहेब. पण मंजुरीच्या जागी माझं नाव नको."

हे मी म्हणाले खरं, आणि फोन ठेवल्यावर तारखा मोजत बसले. कॉन्ट्रॅक्टचे शेवटचे काही आठवडे उरले होते. इतकी वर्षं घरात बसून परत आलेली बाई, आणि टीमच्या सगळ्यात हुशार पोराला अडवतेय, तेही सिद्ध करता न येणाऱ्या गोष्टीवरून. माझ्याकडे पुरावा नव्हता. होती ती एक टीप. मीच जुन्या काळातली म्हणून घाबरतेय का, हा विचार भाजी चिरतानाही सुटत नव्हता. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, "प्रोग्राम पडला तर कुणाचं नुकसान?" मी म्हटलं, "मुख्य मशीन आधीच बंद पडलेलं असेल, आणि त्याच दिवशी हाही पडेल." तो म्हणाला, "मग सही करू नकोस." त्याला विषय कळला नव्हता, पण मला बरं वाटलं.

माझ्या नावाशिवाय काम पुढे सरकेना. साहेबांनी रिलीज पुढे ढकलली. त्या मुलाचे फोन बंद झाले. काही विचारायचं असलं तर दोन शब्दांचा मेसेज यायचा, शेवटी पूर्णविराम. त्याच्या वार्षिक मूल्यमापनात हे काम धरलेलं होतं, असं टीममधल्या दुसऱ्या एकीने मला सांगितलं. मग मला राहवेना. मी त्याला मेसेज केला की शनिवारी तू घरी असशील तर येऊन भेटते, समोरासमोर बोलू. उत्तर संध्याकाळी आलं. "या. केळीच्या वाडीजवळ रिक्षा सोडा, मी उभा राहतो."

तो दिसायला आवाजापेक्षा लहान निघाला. अंगात जुना टी-शर्ट, पाय मातीने भरलेले. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे वाडीला पाणी सोडायचं काम त्याच्याकडे आलं होतं. घर बैठं, पुढे मोठी पडवी. पडवीत झोपाळा आणि त्याच्या बाजूला प्लास्टिकच्या टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप. वडील डोळ्यांवर काळा चष्मा लावून आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. आईने तांब्या आणून ठेवला.

"पानी घे बाय. उन्हातून आलीस." मग मुलाकडे पाहून मला म्हणाल्या, "ऑफिसातली मोठी बाय ती तूच काय? हा बोलत होता."

"काय बोलत होता?" मी विचारलं.

"आई," तो म्हणाला.

"काय नाय बोलला," म्हणत त्या हसत आत गेल्या.

मी जाताना ठरवून गेले होते की त्याला समजावायचं, जुनी उडी परत घाल, तेवढ्या एका जागेने फार बिघडणार नाही. तसं बोलायला सुरुवातही केली. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"मॅडम, उडी मी परत घालणार नाही," तो म्हणाला. "मला दुसरं काहीतरी दिसतंय. चार दिवसांपासून दिसतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला फोन करायचा नव्हता."

हे त्याने इतकं सरळ सांगितलं की मला राग येईना. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. भानगड कशाची होती? अट स्टोअरवर लावली होती, आणि स्टोअर मेमरीला जाऊन भिडतं. त्याने अट तिथून काढून पत्त्यावरच लावली होती. रजिस्टरमधून रजिस्टरमध्ये आकडा नेणारी अटीची लोडही असते. ती मेमरीला हातच लावत नाही, त्यामुळे तिथे कुठल्याही मॉडेलवर काही पडण्याचा प्रश्न नाही. त्याने लिहिलं होतं: पत्ता शून्य असेल तर त्याच्या जागी एका फालतू जागेचा पत्ता लोड कर. आणि मग पुढे बिनअट स्टोअर. जोड संरक्षण असेल तर रक्कम योग्य नोंदीत जाईल, नसेल तर त्या फालतू जागेत पडेल, तिथून कुणी ती वाचणार नाही. उडी नाही, शून्य पत्ता नाही.

मी दोनदा वाचलं. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. इतके दिवस मी फक्त जुनी उडी आणि नवी स्टोअर यांच्यातच फिरत होते.

"छान आहे," मी म्हणाले. "ही फालतू जागा कुठे धरलीयस?"

"प्रोग्रामच्या शेवटी. हे बघा, चार बाइट."

"तिथे नको. हा प्रोग्राम एकाच वेळी अनेक कामं वापरतात. प्रोग्रामच्या आत कुणी लिहायला गेलं तर सिस्टिम तिथेही पाडेल. प्रत्येक कामाला स्वतःची मेमरी मिळते, तिच्यात धर."

त्याने कपाळावर हात मारला. "वाटलंच नाही." आणि लगेच ओळी हलवायला लागला.

आम्ही जेवणवेळेपर्यंत बसलो. मधेच तो उठून वाडीतलं पाणी दुसऱ्या पाटात वळवून आला. मी तेवढ्यात त्याच्या बाकीच्या तशाच जागा शोधल्या. आणखी दोन सापडल्या, त्याही त्याने त्याच रीतीने बदलल्या. त्याच्या आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. माझं माहेर कऱ्हाडचं आणि सासर शाकाहारी. बोंबील मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खाल्ले. आवडले असं म्हणणार नाही, पण ताटात काही टाकलं नाही.

सोमवारी त्याने नवं काम पाठवलं, मी मंजुरी दिली, आणि ते क्लायंटकडे गेलं. रनचा वेळ कमी झाला. त्याला वाटला होता तेवढा नाही, पण क्लायंटचं समाधान होण्याइतका झाला. साहेबांनी माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. त्यांनी त्या भांडणाचा विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

पावसाळा संपता संपता क्लायंटने सराव म्हणून एका सुट्टीच्या दिवशी सगळं काम दुसऱ्या शहरातल्या मशीनवर हलवलं. त्या दिवसापुरता आम्हालाही तिथे प्रवेश होता. सगळं सुरळीत झालं. संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले होते तेव्हा त्याचा फोन आला.

"ताई," तो म्हणाला. त्या शनिवारनंतर तो मला ताई म्हणायला लागला होता. "तुम्हाला एक सांगायचंय. आज मी माझी जुनी आवृत्ती तिथे चालवून पाहिली. साहेबांना विचारून, टेस्ट डेटावर. शून्य पत्त्याच्या सगळ्या केसेस."

"मग?"

"पडली नाही. एकही नाही."

मी दोरीवरचा टॉवेल हातात धरून उभी राहिले. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. पडायला हवी होती, असं क्षणभर वाटून गेलं. एवढं सगळं केलं, रिलीज अडवली, त्याच्या वर्षाच्या कामावर पाणी पडायची वेळ आली होती, आणि त्या मशीनने मला साथ दिली नाही.

"म्हणजे तुझंच बरोबर होतं," मी म्हणाले.

"तसं नाही. या दोन मशीनवर बरोबर होतं. तिसरं आलं तर माहीत नाही."

"मग आता जुनं परत टाकायचं म्हणतोस का?"

"छे. नवीच बरी आहे. मी फक्त सांगितलं. तुम्हाला न सांगता ठेवलं असतं तर मलाच बरं वाटलं नसतं."

त्याने सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. मी त्याला तसं म्हटलं. तो मात्र वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, दिसायला चांगलं लागलंय, ते स्वतः वाडीत जातात, असं सांगत राहिला. मग आईने मागून काहीतरी हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या वर्षी त्याला हैदराबादला मोठ्या जागेवर बोलावणं आलं. जायचं की नाही यावर त्याचं बरेच दिवस चाललं होतं, कारण वाडी होती आणि आईवडील म्हातारे. शेवटी गेला. त्याच्याकडचे प्रोग्राम आता माझ्याकडे आहेत. त्याने जाताना प्रत्येक अवघड जागेवर दोन ओळींची टीप लिहून ठेवली आहे, साध्या इंग्रजीत, नेमकी. त्या स्टोअरच्या जागीही आहे. तिथे त्याने लिहिलंय की हा बदल खबरदारी म्हणून केला आहे, दोन मशीनवर गरज पडलेली नाही, तरी काढू नये.

मला नव्याने आलेली पोरं विचारतात, गरज पडलेली नाही तर काढायचं का नाही. मी त्यांना मॅन्युअलमधलं ते पान दाखवते. काहींना पटतं, काहींना नाही. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी बोलायला वेळ लागतो, आणि तो मी देते.